हाँगकाँगच्या संरक्षणाची मसलत

१८९८ च्या जून महिन्यात पेकिंग येथे चीनचे साम्राज्य आणि ब्रिटिश सरकार यांच्यामध्ये जो करार झाला, त्याच्या आरंभीच असा निर्वाळा दिलेला आहे की, हाँगकाँग वसाहतीचे योग्य संरक्षण व्हावयाचे तर तिच्या मुलखाची वाढ झाली पाहिजे, ही गोष्ट पुष्कळ वर्षांपासून मान्य झालेली आहे. या एका कारणास्तव शाम चुन, म्हणजे आजच्या शेनझेन, नदीपर्यंतचा डोंगराळ प्रदेश आणि सभोवतालची लहानमोठी बेटे, मिळून सुमारे ३६५ चौरस मैलांचा मुलूख, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने इंग्रजांच्या हाती आला. आणि जी वसाहत तोपर्यंत अवघी पस्तीसेक चौरस मैलांची होती, ती एका सहीसरशी दहापटींहून मोठी झाली. संरक्षणाच्या नावाने घेतलेल्या या मुलखाचे संरक्षण कसे करावे, हा प्रश्न मात्र त्याच दिवशी जन्माला आला, आणि भाडेपट्ट्याची मुदत सरेपर्यंत तो लंडनच्या दप्तरातून कधीही निकालात निघाला नाही. १९४१ च्या डिसेंबरात त्याचे उत्तर ज्यांना रणांगणावर उभे राहून द्यावे लागले, त्यांत हिंदुस्थानी शिपाई हजारोंच्या संख्येने होते. म्हणून ही मसलत कोणी केली, कोणत्या हिशेबाने केली, आणि तिच्यातली कोणती गोष्ट त्या शिपायांपासून दडवून ठेवली, हे आपणही समजून घेतले पाहिजे.

हाँगकाँगचे बेट इंग्रजांनी चीनशी झालेल्या पहिल्या अफू युद्धात, १८४१ च्या जानेवारीत, ताब्यात घेतले आणि पुढल्या वर्षी नानकिंगच्या तहाने त्यांची मालकी कायम झाली. ज्या अफूच्या व्यापारासाठी ते युद्ध झाले, त्यातला माळव्याच्या अफूचा मोठा ओघ मुंबई बंदरातून चीनकडे वाहत असे; आणि ज्या फौजेने ते युद्ध लढले तिच्यात मद्रासची ३७ वी पायदळ पलटण आणि बंगालचे स्वयंसेवक शिपाई होते. म्हणजे या वसाहतीच्या पायाभरणीत हिंदुस्थानचा माल आणि हिंदुस्थानची माणसे दोन्ही लागलेली आहेत. बेट घेतले ते बेटासाठी घेतले नव्हतेच. उत्तरेला मुख्य भूमी आणि दक्षिणेला बेटाचा डोंगर यांच्यामध्ये जी खोल, वाऱ्यापासून सुरक्षित अशी खाडी आहे, ती हवी होती. परंतु खाडीचा एक काठ आपला आणि दुसरा परक्याचा, ही स्थिती कोणत्याही सेनापतीला सुखाने झोपू देणारी नव्हे. म्हणून १८६० मध्ये दुसऱ्या अफू युद्धाच्या अखेरीस समोरचे कौलूनचे टोक आणि स्टोनकटर्स हे बेट त्यांनी मिळवले. तेवढ्याने काय होणार? कौलूनच्या सपाटीमागे लायन रॉकसारख्या टेकड्यांची रांग उभी आहे आणि त्या रांगेवरून सगळे बंदर तळहातासारखे दिसते. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात गडकोटांचे प्रकरण लिहिताना बजावले आहे की, गडाच्या जवळ त्याला दबवणारा दुसरा डोंगर असू नये. असल्यास तो सुरुंगाने फोडावा, आणि ते शक्य नसेल तर तोही बांधून काढून आपल्या ताब्यात ठेवावा. दिलेरखानाने आधी वज्रगड घेऊन मग पुरंदरावर तोफा डागल्या, हा अनुभव त्या उपदेशाच्या मागे होता. इंग्रजांचे इंजिनियर अधिकारी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नेमके हेच आपल्या सरकारला कळवीत होते. मात्र अमात्यांच्या डोंगरामागे दुसरा डोंगर नसे. कौलूनच्या टेकड्यांमागे चीन होता.

आरंभीच्या पन्नास वर्षांत या काळजीला फारसे महत्त्व आले नाही, कारण शत्रू यावयाचा तो समुद्रातून येणार असे सर्वांनी गृहीत धरले होते. चीनचे राज्य दुबळे झालेले, ते चाल करून येणार नाही. भीती होती ती व्लादिवोस्तोकच्या रशियन आरमाराची आणि तोंकिनमध्ये पाय रोवलेल्या फ्रेंचांची. म्हणून बंदराच्या पूर्वेकडील अरुंद तोंडावर लेई यू मुन येथे १८८७ मध्ये किल्ला उभा राहिला, पश्चिमेच्या वाटेवर स्टोनकटर्सच्या आणि बेटाच्या टोकावर तोफांचे मोर्चे बांधले गेले, आणि शतकाच्या अखेरच्या दशकात लेई यू मुनच्या खडकात बोगदा खणून तेथे ब्रेननचा टॉर्पेडो बसवण्यात आला. किनाऱ्यावरच्या यंत्राने तारा ओढून चालवावयाचे आणि वाटेत दिशा बदलता येणारे हे अस्त्र त्या काळातले एक आश्चर्यच होते. एकाही शत्रूच्या जहाजावर ते कधी सोडावे लागले नाही. या सर्व बांधकामाचे आणि शिबंदीचे पैसे कोणी द्यावयाचे, यावर लंडन आणि वसाहत यांच्यामध्ये सतत तंटा चाले. १८९० मध्ये वसाहतीने द्यावयाची वार्षिक रक्कम वीस हजार पौंडांवरून चाळीस हजार करण्यात आली आणि १९०१ पासून वसाहतीच्या वसुलाचा पाचवा हिस्सा लष्करी खर्चासाठी देण्याचा नियम झाला. हाँगकाँगचे व्यापारी म्हणत की हे आरमारी ठाणे साम्राज्याच्या सोयीसाठी आहे, तर साम्राज्याने त्याचे मोल द्यावे. लंडनचे म्हणणे असे की ज्यांच्या गोदामांचे रक्षण होते त्यांनी द्यावे. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि दोन्ही बाजूंच्या हिशेबात त्या बेटावर राहणाऱ्या बहुसंख्य चिनी प्रजेचे नाव कोठेच नव्हते.

१८९७ च्या अखेरीस जर्मनीने कियाओचौ घेतले, त्यापाठोपाठ रशियाने पोर्ट आर्थर आणि फ्रान्सने दक्षिणेस क्वांगचौवान मागितले, तेव्हा लंडनच्या मुत्सद्द्यांना आपल्या सेनाधिकाऱ्यांचे जुने खलिते आठवले. दूरवर मारा करणाऱ्या नव्या तोफा कोणी परक्याने त्या टेकड्यांवर चढवल्या, तर बंदरात एकही जहाज उभे राहू शकणार नाही, ही गोष्ट आता नाकारता येण्यासारखी उरली नव्हती. करार झाल्यावर वसाहतीचे सचिव जेम्स स्टुअर्ट लॉकहार्ट यांनी ऑगस्ट महिन्यात नव्या मुलखाची पाहणी केली. त्यांनी स्पष्ट लिहिले की सरहद्द नदीवर ठेवण्यात अर्थ नाही. शाम चुनचे बाजारगाव आत घेऊन पलीकडच्या डोंगरांपर्यंत ती नेली पाहिजे. ते झाले नाही. १८९९ च्या मार्चमध्ये हद्द आखली गेली ती नदीच्याच काठाने, आणि ती नदी तरी कशी, तर कित्येक ठिकाणी माणसाने पायी ओलांडावी अशी. टेकड्यांची रांग बंदराच्या रक्षणासाठी घेतली, पण टेकड्यांच्या पुढे आणखी कित्येक मैल शेते, गावे आणि पाणथळ पसरलेले होते, आणि त्यांच्या शेवटी एक अशी सरहद्द होती की जिच्यावर उभे राहून लढण्यासारखी एकही नैसर्गिक जागा नव्हती.

नव्या मुलखातील रहिवाशांना या व्यवहारात कोणी विचारले नव्हते. १८९९ च्या एप्रिलमध्ये ताय पो येथे निशाण फडकवण्याची तयारी सुरू होताच तेथल्या जुन्या कुळांनी गावोगावचे लोक जमवून प्रतिकार केला. सहा दिवस चाललेल्या त्या लढाईत त्यांच्यावर जी पलटण धाडली गेली, ती होती ‘हाँगकाँग रेजिमेंट’, आणि नावाने हाँगकाँगची असली तरी तिच्यातले शिपाई बहुतेक पंजाबी मुसलमान होते. कॅम टिन येथील तटबंदीच्या गावाचे लोखंडी दरवाजे काढून गव्हर्नर हेन्री ब्लेक यांच्या हवाली झाले आणि ते आयर्लंडपर्यंत जाऊन पोहोचले. गावकऱ्यांना ते परत मिळण्यास १९२५ साल उजाडावे लागले. आपल्या देशातील शिपायाला दुसऱ्याच्या देशातील शेतकऱ्यावर गोळी झाडावयास लावून जो मुलूख घेतला, तो संरक्षणासाठी घेतला असे करारात लिहिलेले होते. कोणाच्या संरक्षणासाठी, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या दोघांपैकी एकालाही नव्हता.

पहिल्या महायुद्धानंतर सगळा पट बदलला. जपान हा इंग्रजांचा दोस्त होता, तो प्रतिस्पर्धी झाला. १९२२ च्या फेब्रुवारीत वॉशिंग्टन येथे आरमारांच्या मर्यादेचा जो तह झाला, त्याच्या एकोणिसाव्या कलमाने ब्रिटन, अमेरिका आणि जपान यांनी पॅसिफिकमधील आपापली ठाणी आहेत त्याच स्थितीत ठेवण्याचे, नव्या तटबंद्या न बांधण्याचे वचन एकमेकांना दिले. ब्रिटनच्या बाबतीत हे वचन ११० अंश पूर्व रेखांशाच्या पलीकडच्या ठाण्यांना लागू होते. हाँगकाँग ११४ अंशांवर आहे, सिंगापूर १०४ अंशांवर. नकाशावरच्या त्या एका रेघेने साम्राज्याचे मन स्वच्छ सांगितले: सिंगापूरला नवी आरमारी गोदी, मोठ्या तोफा, कोट्यवधींचा खर्च, आणि हाँगकाँगला जुने आहे तेवढ्यावर भागवणे. पुढली १४ वर्षे वसाहतीच्या तोफा झिजत राहिल्या. ज्या जपानच्या भीतीने हे संरक्षण हवे होते, त्याच जपानला दिलेल्या वचनामुळे ते करता येत नव्हते. माझ्या मते हाँगकाँगचे भवितव्य १९४१ मध्ये ठरलेले नसून या कलमाने ठरलेले आहे. त्यानंतर जे काही झाले ती त्या निर्णयाची लांबलेली अंमलबजावणी होती.

जपानने तहातून बाहेर पडण्याची नोटीस दिली आणि १९३६ च्या अखेरीस बंधने संपली, तेव्हा कामाला एकाएकी वेग आला. बेटाच्या दक्षिणेस स्टॅन्ली आणि केप डी'ॲगिलार येथे ९.२ इंची तोफा आल्या, किनाऱ्याने काँक्रीटचे मोर्चे उठले. आणि मुख्य भूमीवर, टेकड्यांच्या त्या सुप्रसिद्ध रांगेवर, पश्चिमेच्या ‘जिन ड्रिंकर्स’ उपसागरापासून पूर्वेच्या खाड्यांपर्यंत सुमारे ११ मैलांची संरक्षणरेषा बांधण्यास सुरुवात झाली. त्या वेळचे सेनापती आर्थर बार्थोलोम्यू यांच्या कारकिर्दीतले हे काम. फ्रेंचांच्या मॅजिनो रेषेचा तो बोलबाल्याचा काळ होता, आणि या रेषेलाही लोक तेच नाव कौतुकाने देत. तिचा बालेकिल्ला शिंग मुन येथे होता: सुमारे बारा एकरांच्या डोंगरउतारावर जमिनीखालून बोगदे, बोगद्यांनी जोडलेले मशिनगनचे मोर्चे, तोफखान्याला नेम देण्यासाठी निरीक्षणाची खोली. बांधणाऱ्यांनी त्या बोगद्यांना लंडनच्या रस्त्यांची नावे दिली होती. शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यू, रीजंट स्ट्रीट, चेअरिंग क्रॉस, ही अक्षरे आजही त्या सिमेंटावर वाचता येतात. या ठाण्याच्या पायथ्याशीच शिंग मुनचे नवे धरण १९३७ मध्ये पुरे झाले होते, आणि दऱ्यांत हिवतापाचा इतका जोर होता की पुढे तेथे तैनात झालेल्या रॉयल स्कॉट्स पलटणीतले पुष्कळ शिपाई लढाईच्या आधीच अंथरुणाला खिळले.

पण रेषा बांधणे निराळे आणि ती धरून ठेवणे निराळे. ११ मैलांच्या डोंगराळ रेषेवर माणसे उभी करावयाची तर एक पुरी डिव्हिजन तरी हाताशी पाहिजे. वसाहतीत त्या वेळी चार पलटणी होत्या. हे ध्यानात येताच १९३८ मध्ये काम थांबवण्यात आले आणि नवी योजना ठरली ती अशी की, मुख्य भूमीवर एखाद्या पलटणीने पूल आणि रस्ते उडवून शत्रूला काही काळ रोखावे, मग सर्वांनी बेटावर जावे आणि आरमार येईपर्यंत बेट लढवावे. आता आरमार कधी येणार? सिंगापूरपर्यंत त्याला पोहोचण्यास लागणारी मुदत पहिल्या कागदांत ४२ दिवस होती, पुढे ती ७० झाली, १९३९ मध्ये ९० आणि शेवटी १८०. मदतीची वाट जसजशी लांबत गेली, तसतसा वेढ्याचा कालही कागदावर लांबवण्यात आला, आणि अन्नाचे साठे त्या बेताने वाढवण्याचे हुकूम निघाले. १९३८ च्याच ऑक्टोबरात जपान्यांनी कँटन घेतले आणि ते शाम चुन नदीच्या पलीकडे येऊन उभे राहिले. त्यांच्या मागोमाग निर्वासितांचे लोंढे वसाहतीत आले. १९४१ पर्यंत तेथील लोकसंख्या सोळा लाखांच्या घरात गेली. एवढ्या लोकांना बेटाच्या तलावांवर किती दिवस पाणी पुरवता येईल, हा हिशेब कोणत्याही तोफेच्या हिशेबाहून अधिक निर्णायक होता.

लंडनमध्ये याविषयी कोणी भ्रमात होते असे समजण्याचे कारण नाही. १९४० च्या ऑगस्टमध्ये तिन्ही दलांच्या प्रमुखांनी अतिपूर्वेचा आढावा घेताना साफ नमूद केले की हाँगकाँग हे जीवनमरणाचे ठाणे नव्हे, त्याला कुमक पाठवता येणार नाही, ते सोडवताही येणार नाही. ते एक चौकी समजावे आणि शक्य तितका काळ लढवावे. जुलै महिन्यातच इंग्रज बायकामुलांना ऑस्ट्रेलियाकडे हलवण्यात आले होते, आणि चिनी व युरेशियन कुटुंबांना त्यातून वगळल्याबद्दल वसाहतीत संतापही उसळला होता. अतिपूर्वेचे सरसेनापती ब्रूक-पॉपहॅम यांनी आणखी पलटणी मागितल्या, तेव्हा १९४१ च्या जानेवारीत चर्चिल यांनी त्यांचे म्हणणे सपशेल फेटाळले. जपानशी युद्ध जुंपले तर ते ठाणे टिकवण्याची वा सोडवण्याची काडीइतकी आशा नाही, तेथील फौज प्रतीकापुरतीच असावी. ती आहे त्याहून कमी असती तर बरे झाले असते, परंतु आता माणसे काढून नेणे सर्वांच्या डोळ्यांवर येईल, असा त्यांच्या टिपणाचा आशय आहे. त्या टिपणातील युद्धज्ञान अचूक होते. पण ज्या माणसांना वाचवता येणार नाही हे ठाऊक आहे, त्यांना केवळ जग काय म्हणेल या भीतीने तेथेच राहू द्यावयाचे, या निर्णयाला राजनीती म्हणावे की काय, हे माझ्याने ठरवत नाही. त्याची किंमत ज्यांनी दिली त्यांना मात्र ती आगाऊ सांगितलेली नव्हती.

आणि जे जानेवारीत व्यर्थ ठरवले, तेच सप्टेंबरात मान्य झाले. सेनापती ग्रॅसेट हे मूळचे कॅनडाचे. मुदत संपवून परतताना ते ओटावा येथे थांबले आणि एक-दोन पलटणी अधिक मिळाल्यास हाँगकाँग पुष्कळ काळ टिकेल असे त्यांनी तेथे सांगितले. चीनमध्ये जपानी सैन्य गुंतून पडले आहे, ते रात्री लढत नाही, त्याचे विमानदल सामान्य आहे, अशा समजुती त्या काळी पुष्कळ अनुभवी अधिकाऱ्यांच्याही मनात घर करून होत्या. लंडनने विचारणा केली, कॅनडाने होकार दिला, आणि १६ नोव्हेंबर १९४१ रोजी ब्रिगेडियर लॉसन यांच्या हाताखाली विनिपेग ग्रेनेडियर्स आणि रॉयल रायफल्स ऑफ कॅनडा या दोन पलटणी, सुमारे १९७५ माणसे, कौलूनच्या धक्क्यावर उतरल्या. त्यांचे शिक्षण अपुरे होते. त्यांची वाहने दुसऱ्या जहाजावर होती, ती मनिलाच्या पुढे आलीच नाहीत. नवे सेनापती मेजर जनरल माल्टबी हे हिंदी सैन्यातले अधिकारी. त्यांनी या कुमकेच्या भरवशावर योजना पुन्हा फिरवली आणि तीन वर्षे ओस पडलेली ती डोंगरातली रेषा तीन पलटणींच्या स्वाधीन केली: पश्चिमेस रॉयल स्कॉट्स, मध्ये २/१४ पंजाब, पूर्वेस ५/७ राजपूत. तिघींपैकी दोन हिंदुस्थानी. बेटावरील तोफखान्यातही शीख आणि पंजाबी मुसलमान गोलंदाज मोठ्या संख्येने होते. १९४० च्या अखेरीस लोखंडी टोपाच्या हुकुमावरून त्यांतील शिखांनी जो नकार दिला, त्यावरून त्यांच्या मनाची कल्पना अधिकाऱ्यांना यावयास हरकत नव्हती. सोळा लाख चिनी रहिवाशांतून मात्र एक स्वतंत्र पलटण उभारण्याची परवानगी मिळाली ती लढाई तोंडावर आल्यानंतर, नोव्हेंबर महिन्यात, आणि तिच्यात पन्नासेक माणसे भरती झाली तोच युद्ध आले. ज्यांचे ते गाव होते त्यांच्या हाती बंदूक देण्याचे धैर्य शंभर वर्षांत कोणाला झाले नाही. या मसलतीतला सर्वांत मोठा दोष मी हाच समजतो.

८ डिसेंबरच्या सकाळी काय टाक विमानतळावर बॉम्ब पडले आणि तेथली लष्कराची पाचही जुनी विमाने निकामी झाली. पंजाबी शिपायांनी सरहद्दीवरचे पूल आणि रस्ते उडवून ठरल्याप्रमाणे पाऊल मागे घेतले. ही रेषा आठवडाभर तरी टिकेल, असा माल्टबींचा अंदाज होता. पण ९ तारखेच्या रात्री जपानच्या २२८ व्या रेजिमेंटचे कर्नल दोई यांनी शिंग मुनवरील शिथिलता हेरून, ते ठाणे आपल्या हद्दीत येत नसतानाही, वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहता अंधारात त्यावर चाल केली. त्या बारा एकरांत एक प्लॅटून आणि कंपनीचे ठाणे एवढीच माणसे होती. बोगद्यांच्या हवेच्या झरोक्यांतून हातबॉम्ब आत पडू लागले, आणि ज्या बोगद्यांनी आश्रय द्यावयाचा त्यांतच माणसे कोंडली गेली. पहाटेपर्यंत बालेकिल्ला गेला, म्हणजे रेषाच गेली. ११ ला मुख्य भूमी सोडण्याचा हुकूम सुटला. सर्वांची पिछेहाट सांभाळीत डेव्हिल्स पीकवर राजपूत पलटण मागे राहिली, आणि १३ च्या पहाटे तिचे शेवटचे शिपाई बेटावर उतरले. १८९८ मध्ये ज्या टेकड्यांसाठी एवढा मुलूख घेतला, त्या पाच दिवसांत शत्रूच्या झाल्या, आणि बंदर त्याच्या तोफांखाली आले. जे टाळण्यासाठी सगळा खटाटोप होता ते नेमके तसेच घडले.

त्यानंतरही बेटावरच्या फौजेची मांडणी बहुतांशी दक्षिणेच्या समुद्राकडे तोंड करून होती. शत्रू जहाजांतून येईल ही शंभर वर्षांची सवय तितक्यात सुटणार नव्हती. कॅनडाच्या पलटणींचा मोठा भाग दक्षिण किनाऱ्याकडे होता, आणि जहाजांसाठी बसवलेल्या तोफांपैकी काही उत्तरेकडे वळत असल्या तरी त्यांचे दारूगोळे मुख्यतः पोलादी चिलखत भेदण्यासाठी होते. १८ डिसेंबरच्या रात्री जपानी फौज अरुंद खाडी ओलांडून बेटाच्या ईशान्य किनाऱ्यावर उतरली, ती नेमकी राजपुतांच्या पट्ट्यात. पाचच दिवसांपूर्वी मुख्य भूमीवरून थकून आलेली ती पलटण त्या रात्री जवळजवळ नाहीशी झाली. दुसऱ्या दिवशी बेटाच्या मध्यावरच्या वाँग नाय चुंग खिंडीत ब्रिगेडियर लॉसन आपल्या ठाण्यातून बाहेर पडून लढताना मारले गेले. त्यानंतर बेटाचे दोन तुकडे झाले, ताय तामचे तलाव शत्रूच्या हाती गेले, शहरातील नळ फुटले आणि कोरडे पडले. नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबरला, गव्हर्नर मार्क यंग यांनी शरणागती दिली. १८ दिवस. कॅनडाचे २९० जण लढाईतच पडले, आणि कैदेत मेले ते वेगळे. ५/७ राजपूतचे कॅप्टन मतीन अहमद अन्सारी यांना, ते एका संस्थानिकाच्या नात्यातले आहेत असे कळल्यावर, जपान्यांनी हिंदी कैद्यांना फितवण्यास सांगितले; त्यांनी उपासमार आणि छळ सोसला पण ते ऐकले नाही, आणि १९४३ च्या ऑक्टोबरात त्यांचा शिरच्छेद झाला. जॉर्ज क्रॉस मिळाला तो मरणोत्तर.

१९४५ मध्ये इंग्रज परत आले आणि चारच वर्षांत तोच प्रश्न नव्या वेषात उभा राहिला. १९४९ च्या ऑक्टोबरात चिनी कम्युनिस्टांची फौज कँटन घेऊन नदीच्या काठावर येऊन थांबली. त्याआधीच लंडनने घाईघाईने कुमक पाठवली होती. वर्षअखेरीस वसाहतीत सुमारे तीस हजारांची फौज होती, रणगाडे होते, विमाने होती, आणि सरहद्दीवरच्या टेकड्यांवर पोलीस आयुक्त मॅकिंटॉश यांच्या नावाची निरीक्षणाची ठाणी उभी राहू लागली होती. परंतु १९५० च्या ऑगस्टमध्ये कोरियाला माणसे लागली तेव्हा पहिली ब्रिगेड उचलली ती हाँगकाँगमधूनच, कारण चीनने ठरवले तर ही फौजही पुरी पडणार नाही, हे युद्धखात्याला ठाऊक होते. पुढल्या दशकात शिबंदी हळूहळू कमी झाली आणि तिचे काम सरहद्दीची राखण व अंतर्गत बंदोबस्त एवढेच ठरले. १९६३ च्या दुष्काळात शहराला चार दिवसांतून एकदा चार तास पाणी मिळू लागले, आणि १९६५ पासून क्वांगतुंगच्या पूर्व नदीचे पाणी करारान्वये नळाने वसाहतीत येऊ लागले. १९४१ मध्ये जपान्यांना तलाव जिंकून जे करावे लागले, ते आता चीनला एक तोटी फिरवून करता आले असते, आणि ते त्याने केले नाही. १९६७ च्या जुलैमध्ये शा ताऊ कोक येथे सरहद्दीपलीकडून झालेल्या गोळीबारात पाच पोलीस मारले गेले, त्यांत तीन चिनी आणि दोन पाकिस्तानी होते. गुरखा पलटणीने सरहद्द ताब्यात घेतली, आणि सर्वत्र असा समज झाला की आता वसाहत जाणार. त्या उन्हाळ्यातील बॉम्ब, दंगली, संप यांच्या काळातही पूर्व नदीच्या पाण्याचा करार चीनने मोडला नाही. हाँगकाँगच्या मार्गाने येणारे परकी चलन पेकिंगला हवे होते, म्हणून हाँगकाँग राहिले. आणि १९७५ च्या नव्या करारान्वये, ज्या फौजेने ते राखता येत नव्हते, तिचा तीन-चतुर्थांश खर्च टप्प्याटप्प्याने हाँगकाँगच्याच तिजोरीवर टाकण्यात आला.